केरबाचं तळं

“मालकाचं नाव सांगा,” उद्धवराव म्हणाले आणि बोटं कळफलकावर ठेवून थांबले.

अहमदपूरच्या बसस्थानकासमोर औषधाच्या दुकानावर, माडीवर त्यांचं कार्यालय होतं. पाटी करसल्लागाराची असली तरी भाडेकरारापासून पॅनकार्डापर्यंत सगळीच कामं तिथं व्हायची. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर माणिकप्पा बसला होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, मांडीवर कागदांची पिशवी. दुसरी खुर्ची रिकामी होती आणि तिच्यामागं केरबा भोई उभा होता. त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि त्यालाही बसायचं सुचलं नव्हतं.

“नाव,” उद्धवरावांनी पुन्हा विचारलं.

“केरबाचं लिवा,” माणिकप्पा म्हणाला.

उद्धवरावांनी चष्मा काढला. “जमीन तुमची. पैसा तुमचा. तळं तुम्ही खोदणार, त्यात प्लॅस्टिक तुम्ही अंथरणार, माशाचं बीजही तुम्हीच आणणार. आणि मालक केरबा?”

“आमच्यात चालत न्हाई साहेब ते. तुमाला काय सांगायचं.”

सांगायची गरज नव्हतीच. माणिकप्पाच्या घरात अंड्याचा उच्चार होत नसे. रत्नम्मा, म्हणजे त्याची बायको, अंड्याला ‘ती पांढरी वस्तू’ म्हणायची, तेही तोंड फिरवून. अशा घरातला माणूस मासे पाळणार म्हटल्यावर भावकीनं त्याला दारात उभं केलं नसतं. पण त्याच्या गावात दोन नवी मोठी किराणा दुकानं झाली होती आणि माणिकप्पाच्या दुकानात आता फक्त कापूर आणि काडेपेट्याच खपत होत्या. ओढ्याकाठची दोन एकर चोपण जमीन नुसती पांढरी पडून होती. तिथं बाभळीशिवाय काही येत नव्हतं. माती तपासायला आलेल्या साहेबानं सहज म्हटलं होतं, इथं तळं करा, मासा चांगला येईल. ते वाक्य माणिकप्पाच्या डोक्यातून सहा महिने गेलं नाही. मुलगी दामिनी लग्नाला आली होती. उदगीरच्या एका आडतवाल्याकडून विचारणा होती, आणि ती माणसं सोवळ्याला कडक होती.

“मग भागीदारी करा,” उद्धवराव म्हणाले. “तुमचं भांडवल, त्याचे कष्ट. कुणाचा वाटा किती, कोण बाहेर पडला तर काय, कोण मेला तर काय, सगळं स्टँपवर लिहून टाकू.”

“त्याच्यावर माझं नाव येईल नं?”

“येणारच की.”

“मंग नगं.”

“बरं, निदान दोघांत एक साधा करारनामा लिहा आणि तिजोरीत ठेवून द्या. खरा मालक कोण ते कुठंतरी लिहिलेलं असू द्या.”

“कागद हाय म्हनल्यावर तो कवा ना कवा कुनाच्या हाती लागतोच. आमाला कागद नगं, साहेब. आमी बेल उचलनार हाव.”

उद्धवराव हसले नाहीत. त्यांनी मान उंचावून केरबाकडे पाहिलं. “तुम्हाला कळतंय का काय चाललंय ते? उद्यापासून सरकारच्या लेखी हा धंदा तुमचा. कर तुमचा, नोटीस आली तर तुम्हाला.”

केरबानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. “मालक म्हंजे सही करायची नं, सायेब? करतो की. आप्पा सांगतेत तसं.” मग तो एकदम हसला. “आमच्या सात पिढ्यांत मालक कुनी झाला न्हाई. कागदावर का हुईना!”

या बोलण्यावर तिघंही हसले. केरबा सगळ्यात मोठ्यानं हसला.

पुढचा महिना कागदांत गेला. माणिकप्पानं चोपण जमीन दहा वर्षांसाठी केरबाला भाड्यानं दिल्याचा करार निबंधकाकडे नोंदला गेला, म्हणजे गावात सांगायला तोंड राहिलं. सातबारा, पाण्याचा तपासणी अहवाल, उद्योगाची नोंदणी, पॅनकार्ड, बँकेतलं चालू खातं. बँकेनं पेढीचं नाव विचारलं तेव्हा ‘केरबा मत्स्यपालन केंद्र’ ठरलं आणि तसा रबरी शिक्का झाला. लातूरच्या कार्यालयात द्यायला बावीस पानांचा प्रकल्प अहवाल बनला. त्यात केरबाला ‘होतकरू मत्स्य उद्योजक’ म्हटलं होतं. खाली त्याचा फोटो होता आणि फोटोतला सदरा माणिकप्पाचा होता. तो खांद्यावर ढगळ होत होता, पण फोटोत ते कळत नव्हतं.

बेल उचलला तो ओढ्याकाठच्या महादेवापुढं. पुजारी नाही, साक्षीदार नाही. दोघांनी पिंडीवरचं एकेक पान हातात घेतलं.

“तळं कुनाचं म्हनून कुनीबी इचारलं तर माझं म्हनीन,” केरबा म्हणाला. “मेलो तरी दुसरं तोंडातून निघनार न्हाई.”

“ह्या कागदापायी केरबाला कायबी नुकसान आलं तर ते मी माझ्या अंगावर घेईन,” माणिकप्पा म्हणाला.

ते त्यानं मनापासून म्हटलं होतं, हे इथं सांगून टाकलेलं बरं. माणिकप्पा लबाड नव्हता. उधारीच्या मालातही त्यानं कधी काटा मारला नव्हता, आणि दिलेला शब्द मोडायची वेळ आयुष्यात त्याच्यावर आली नव्हती. शब्द मोडायची वेळ न येणं आणि शब्दाला जागणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

तळं लाभलं. पहिल्याच वर्षी रोहू आणि कटला अंगानं चांगले भरले. केरबाचं सगळं आयुष्य पाझर तलावावर जाळी टाकण्यात गेलं होतं. पुढं तलावाचा ठेका बाहेरच्या माणसानं घेतला आणि केरबाला स्वतःच्याच गावच्या पाण्यात उतरायची मनाई झाली, तेव्हापासून तो रोजानं जात होता. आता पुन्हा पाणी मिळाल्यावर त्याचा चेहराच पालटला. पाण्याचा रंग पाहून तो खाद्य कमीजास्त करी. मासा वर येऊन तोंड उघडायला लागला की हवा कमी झाली म्हणून पंप सोडी. माल काढायच्या दिवशी नांदेडहून बर्फाची गाडी यायची. माणिकप्पा वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला, बाभळीखाली, नाकाला रुमाल लावून उभा राहायचा. घरी परतल्यावर रत्नम्मा त्याला मागच्या दारी बसवून वरून पाणी ओतायची आणि मगच आत घ्यायची.

“वास यायलाय अजून,” ती म्हणायची.

“आता कातडं काढू काय?”

केरबाला महिन्याचा पगार होता आणि तो कधी चुकला नाही. गावातली पोरंटोरं त्याला ‘काय मालक!’ म्हणून हाक मारायची आणि तोही ‘बोला!’ म्हणून ऐटीत थांबायचा. दामिनीचं लग्न झालं. सोयरीक जुळवली ती भावकीतल्या रामलिंगनं. उदगीरच्या घरी त्याचं जाणंयेणं होतं. लग्नात केरबानं मांडवाबाहेर तीन दिवस पाणी भरलं.

तिसऱ्या वर्षी घरकुलाची यादी लागली.

केरबाचं घर म्हणजे तीन मातीच्या भिंती, चौथ्या बाजूला तुराट्यांचा कूड आणि वर पत्रे. पावसाळ्यात भिंतींना ओल चढायची आणि केवळाबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, दमा तिथूनच सुरू व्हायचा. भाद्रपदात ती रात्रंदिवस उशाला टेकून बसूनच असायची. आडवं पडलं की श्वास लागायचा. लातूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, औषधापेक्षा कोरडं घर बघा. त्या घरासाठी केरबा नऊ वर्षं यादीत होता. या खेपेला बारा नावं मंजूर झाली आणि त्यांत त्याचं सातवं होतं. केवळाबाईनं शेजारच्या चार घरी साखर वाटली.

आठच दिवसांनी रामलिंगनं हरकत घेतली. ज्याचा सरकारदरबारी नोंदलेला धंदा आहे त्याला घरकुल मिळत नाही, आणि केरबाच्या नावावर तर शिक्क्यानिशी पेढी आहे, असा त्याचा अर्ज होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. रामलिंगचं स्वतःचं नाव यादीत तेरावं होतं.

केरबा भर दुपारी दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. तो पायरीवर टेकला.

“आप्पा, नाव कटायलंय म्हनतेत.”

“ऐकलो मी.”

“गरामसभेत इचारनार हायत, धंदा तुजा का दुसऱ्याचा म्हनून. मी तर दुसरं काय बोलू शकत न्हाई. बेल उचलल्यालाव.” त्यानं टोपी मांडीवर ठेवली. “तुमी बोलू शकताव.”

माणिकप्पानं तराजूच्या पारड्यातली धूळ फडक्यानं पुसली. “बघतो मी. तू काळजी नगं करू.”

“मी कुटं करायलो. केवळा करती.” केरबा उठला. “मला पाऊस लागला तरी चालतंय.”

दुसऱ्याच दिवशी माणिकप्पा उद्धवरावांकडे गेला. आडून आडून विचारावं असं त्याच्या मनात होतं, पण उद्धवरावांनी दोन वाक्यांतच सगळं ओळखलं.

“उपाय आहे की,” ते म्हणाले. “फार सोपा आहे. ग्रामसभेत उभं राहून सांगा, धंदा माझा आहे, केरबा माझा कामगार आहे. तसं लेखी द्या. पेढी तुमच्या नावावर करून घेऊ, पंधरा दिवसांचं काम आहे. केरबाचं नाव यादीत राहील.”

“न सांगता न्हाई का हुनार?”

“न सांगता कसं होईल? तीन वर्षं सगळ्या कागदांवर तोच मालक आहे. तुम्हीच तसं लिहायला लावलंत.”

“दुसरं कायतरी असंल.”

“करारनामा असता तर चार माणसांत न सांगताही दाखवता आला असता,” उद्धवराव म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे कागद ओढून घेतले.

घरी रत्नम्मा भाकरी थापत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगल्यावर उतरवली.

“दामिनीला सातवा लागलाय,” ती म्हणाली. “पुढच्या सोमवारी तिच्या सासरी स्वामींची पाद्यपूजा हाय. आपन जानार हाव. रामलिंगभावजी बी येनार हायत.”

“केवळाबाईला दम लागतोय.”

“मला काय कळत न्हाई व्हय ते? मी काय दगडाची हाय?” रत्नम्माचे डोळे भरून आले. “पर पोरीला त्या घरात जिंदगी काडायची हाय. माशाच्या पैशानं लगीन केलं म्हनून उद्या सासू तिला टोचून खाईल. बाळंतपनाला आली तर परत नेतील का न्हाई कुनाला ठाव. तुमी बोला, मी अडवत न्हाई. पर मंग पोरीला काय सांगायचं ते बी तुमीच सांगा.”

माणिकप्पा जेवला नाही. तसाच लिंगपूजेला बसला. केरबापुढं जायची त्याला लाज वाटत होती, मुलीसाठी भीती वाटत होती, आणि ही दोन्ही ओझी आपल्यावर आणणाऱ्या त्या रामलिंगचा तर असा संताप आला होता की त्याचं नाव काढलं तरी दात आवळले जात. पण खोलवर त्याला हेही कळत होतं की रामलिंग नसता तरी ही वेळ आज ना उद्या आलीच असती. तळ्याच्या पैशाची त्याला गरज होती आणि तळ्याचं नाव त्याला नको होतं.

ग्रामसभा दोन ऑक्टोबरला, मारुतीच्या पारापुढं भरली. आदल्या रात्रीच पाऊस येऊन गेला होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. केवळाबाई लिंबाच्या बुडाला टेकून बसली होती, पदराचा बोळा तोंडाशी धरून. सरपंच मल्लिनाथ खुर्चीवर आणि शेजारी ग्रामसेवक फायली घेऊन. माणिकप्पा पुढच्या सतरंजीवर, नेहमीच्या मानाच्या जागी बसला. त्याच्या बाजूलाच रामलिंग होता.

सातव्या नावापाशी ग्रामसेवक थांबला. “यावर हरकत आहे. केरबा, उभे राहा. ‘केरबा मत्स्यपालन केंद्र’ ही नोंदणी तुमच्या नावावर आहे. धंदा तुमचाच आहे का?”

केरबा उठला. टोपी नीट केली. त्यानं माणिकप्पाकडे पाहिलं नाही.

“एक मिनिट, साहेब,” रामलिंग बसूनच म्हणाला. “केरबा गरीब मानूस हाय. माझं त्याच्याशी वाकडं न्हाई. धंदा त्याचा नसंल, दुसऱ्याच कुनी त्याचं नाव वापरलं असंल, तर त्यानं इथं उठून सांगावं. मी आत्ता हरकत माघारी घेतो.”

पारावर चुळबुळ झाली. कुणीतरी मागं खुदकन हसलं. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि माणसानं स्वतःच्या तोंडानं कबूल करणं वेगळं. ते कबूल झालं असतं तर संध्याकाळच्या आत उदगीरला पोचलं असतं.

“आहे का कुणी?” ग्रामसेवकानं विचारलं. “असेल तर बोला.”

माणिकप्पा उठला.

तो खरोखरच उठला. गुडघ्यावर हात देऊन सतरंजीवर उभा राहिला. केवळाबाईनं तोंडाशी धरलेला पदर खाली घेतला. त्याच्या तोंडात ‘माझं’ हा शब्द आला होता, जिभेवर आला होता. तेवढ्यात रामलिंगनं वर मान करून त्याच्याकडे पाहिलं, अगदी आदरानं पाहिलं.

“मी म्हनतो,” माणिकप्पा म्हणाला, “केरबा गरीब हाय. बायको आजारी असती. सभेनं त्याचा इचार करावा.”

“करू की,” रामलिंग म्हणाला. “पर गरीब हाय का मालक हाय, ते एक ठरू द्या.”

लोक हसले. माणिकप्पा उभाच राहिला. अजूनही बोलता आलं असतं. एवढा वेळ होता की ग्रामसेवकानं पेनाचं टोपण काढून दुसऱ्या बाजूला लावलं, मल्लिनाथनं पाण्याचा घोट घेतला. मग केरबाच बोलला. त्याचा आवाज मोठा आणि सरळ होता.

“माझंच हाय, सायेब. तळं माझं हाय, मासं माझं हाय.”

“मग नाव कमी होईल.”

“करा.”

“अंगठा की सही?”

“सही येती,” केरबा म्हणाला आणि पुढं होऊन त्यानं सही केली.

सोमवारी पाद्यपूजा व्यवस्थित झाली. स्वामींनी दामिनीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या सासूनं सगळ्यांदेखत म्हटलं की अशा स्वच्छ माहेरची सून मिळायला भाग्य लागतं. रत्नम्मानं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

परतल्यावर तो भोईगल्लीत गेला. पन्नास वर्षं एकाच गावात काढून तो तिथं प्रथमच जात होता. अंगणात चिखल तुडवलेला होता. घरकुल आलं म्हणून केरबानं घाईनं पुढची भिंत पाडून ठेवली होती, आणि आता तीच माती भिजवून तो ती पुन्हा उभी करत होता. केवळाबाई आत पोत्यांच्या उशीला टेकून बसली होती. तिच्या छातीतून येणारा आवाज बाहेर ऐकू येत होता.

“केरबा, मी सिमिटाचं बांधून देतो. माझ्या खर्चानं.”

“नगं आप्पा.” केरबानं चिखलाचा गोळा भिंतीवर थापला. “लोकं म्हनतील, आप्पा कशापायी बांधायलेत. तुमालाच तरास.”

“मग पत्रे तरी घे.”

“नगं.”

माणिकप्पा तसाच उभा राहिला. ऊन होतं आणि त्याला जोराची तहान लागली होती. कोपऱ्यात झाकलेला माठ दिसत होता. केवळाबाईनं त्याला पाणी विचारलं नाही, कारण त्या घरचं पाणी तो पीत नाही हे तिला ठाऊक होतं. मागावं असं त्याला फार वाटलं.

“तू खरं सांगायचं हुतंस, केरबा,” तो शेवटी म्हणाला. “मी तुला बोल लावलो नसतो.”

केरबाचा हात थांबला. त्यानं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती सोसवली नाही.

“तुमी बी हुताव की तिथं,” तो म्हणाला आणि पुन्हा चिखलाकडे वळला.

आतून केवळाबाई काहीतरी बोलली. खोकल्यामुळं पहिल्यांदा कळलं नाही. तिनं दम घेऊन पुन्हा विचारलं.

“दामिनीबाय बरी हाय नं, आप्पा?”

“हाव.”

“सासू नीट बोलती नं तिच्याशी?”

“बोलती.”

“मंग झालं,” केवळाबाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

माणिकप्पा जायला वळला तेव्हा त्याला पायाखाली पांढऱ्या रेघा दिसल्या. केरबानं नव्या घराची आखणी अंगणात फक्कीनं केली होती. एक खोली, तिच्यापुढं दुसरी लहान. पावसानं काही रेघा फिकट झाल्या होत्या. इतका वेळ आपण पुढच्या खोलीच्या मधोमध उभे होतो हे त्याच्या आता ध्यानात आलं. रस्त्याच्या बाजूच्या रेघेत हातभर जागा मोकळी सोडलेली होती, दारासाठी. रेघ न तुडवता तो तिकडं गेला आणि त्या दारातून बाहेर पडला.